बीड जिल्हा कोशात मांडताना

मराठी विकिपीडियावर कुणी नुसते 'बीड' असे टंकले, तर त्याला नेमके काय हवे आहे हे ओळखणे अवघड असते. बिंदुसरेकाठचे शहर हवे असेल, अकरा तालुक्यांचा जिल्हा हवा असेल किंवा त्या अकरांतला बीड तालुका हवा असेल. निवडणुकीच्या दिवसांत लोकसभेचा मतदारसंघ हवा असेल, नाहीतर विधानसभेचा. पाचही भूगोलाचेच विषय, आणि पाचही वेगळे. २०११ च्या जनगणनेत बीड शहराची लोकसंख्या होती सुमारे १ लाख ४६ हजार, आणि जिल्ह्याची सुमारे २५ लाख ८५ हजार. यातला एक आकडा चुकून दुसऱ्याच्या चौकटीत पडला, की तो तिथून शाळेच्या प्रकल्पात जातो, वर्तमानपत्राच्या चौकटीत जातो आणि पुढे कुणाला खोडता येत नाही. म्हणून कोशातला भूगोल लिहिण्याआधी तो नीट मांडावा लागतो. ही मांडणी कशी होते आणि कुठे अडते, ते या प्रकरणात एकाच जिल्ह्याच्या आधाराने पाहू. बीड निवडण्याचे कारण साधे आहे. मांडणीचे जवळजवळ सगळे पेच या एका जिल्ह्यात भेटतात.

छापील कोशांपुढे हा प्रश्न इतका टोकदार नव्हता. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. त्यांतले पहिले पाच प्रस्तावनाखंड विषयवार होते आणि पुढची मांडणी अकारविल्हे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ साली ज्याचा पहिला खंड निघाला, त्या मराठी विश्वकोशानेही अकारविल्हे क्रमच धरला. या क्रमाचा फायदा उघड आहे: नाव ठाऊक असेल तर नोंद सापडते. पण अंबाजोगाई 'अ'मध्ये, धारूर 'ध'मध्ये आणि परळी 'प'मध्ये गेली की ही तिन्ही गावे बालाघाटाच्या एकाच डोंगररांगेच्या आसपास नांदतात हे वाचकाला कळायला मार्ग राहत नाही. नाव ठाऊक नसलेल्याची तर पंचाईतच. 'बालाघाटावर कोणकोणती गावे आहेत?' या प्रश्नाला अकारविल्हे कोश उत्तर देत नाही.

ग्रंथालयशास्त्रात यावर एका भारतीयाने फार खोल विचार केला होता. मद्रासच्या एस. आर. रंगनाथन यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती १९३३ साली प्रसिद्ध झाली. कोणताही विषय एकाच शिडीवर चढवून ठेवण्याऐवजी त्याला अनेक पैलू असतात असे त्यांनी मानले, आणि त्यांत स्थळ आणि काळ या दोन पैलूंना स्वतंत्र जागा दिली. अडचण एवढीच होती की ग्रंथालयात पुस्तकाची प्रत एक असते आणि ती एकाच फळीवर ठेवावी लागते. ऑनलाइन कोशाला हे बंधन नाही. एकच लेख एकाच वेळी दहा याद्यांत दिसू शकतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाकडे ही सोय आहे आणि तिला तिथे 'वर्ग' म्हणतात.

वर्ग लावणे तांत्रिकदृष्ट्या अगदी सोपे आहे. लेखाच्या तळाशी दुहेरी चौकटी कंसांत [[वर्ग:बीड जिल्ह्यातील गावे]] असे लिहिले, की तो लेख आपोआप त्या वर्गाच्या पानावर अकारविल्हे क्रमाने जाऊन बसतो. वर्गाच्या पानालाही तळाशी असाच एक वर्ग लावता येतो, म्हणजे तो वर्ग दुसऱ्याचा उपवर्ग होतो. तालुक्याचा वर्ग जिल्ह्यात, जिल्ह्याचा राज्यात. अवघड आहे ते वर्ग निवडणे. नवा संपादक उत्साहाने गावाच्या लेखाला गावाचा, तालुक्याचा, जिल्ह्याचा, राज्याचा आणि देशाचा असे पाचही वर्ग लावतो. मग 'महाराष्ट्र' हा वर्ग उघडणाऱ्यापुढे हजारो गावांची रांग येते आणि त्यात सह्याद्री कुठे हरवला ते कळत नाही. म्हणून लेख सगळ्यात आतल्या वर्गात ठेवावा, वरचे वर्ग शिडीने येतात, हा पहिला नियम. वर्गाचे वर्तुळ होऊ देऊ नये, हा दुसरा. बीड जिल्ह्याच्या वर्गात गोदावरीचा वर्ग ठेवला, आणि गोदावरीच्या वर्गात पुन्हा बीड जिल्ह्याचा, तर वाचक फिरत राहतो आणि कुठेच पोचत नाही.

आपल्याकडे सगळ्यात तयार मिळते ती प्रशासकीय शिडी: राज्य, विभाग, जिल्हा, तालुका, गाव. तिच्या पायऱ्यांना संकेतांकही आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा संकेतांक २७ आणि बीड जिल्ह्याचा ५२३, आणि त्याखाली प्रत्येक महसुली गावाला स्वतःचा क्रमांक. या याद्यांच्या बळावर मराठी विकिपीडियावर गावांचे हजारो लेख उभे राहिले. त्या कामाचे मोल मोठे आहे, कारण त्याआधी यांतल्या बहुतेक गावांबद्दल मराठीत एक ओळही आंतरजालावर नव्हती. तरी या शिडीवर विसंबून राहणाऱ्याने तिचे दोन दोष ओळखून असावे.

पहिला दोष काळाचा. शिडी आज जशी दिसते तशी ती काल नव्हती. १९६१ साली या जिल्ह्यात सात तालुके होते: बीड, पाटोदा, आष्टी, गेवराई, माजलगाव, केज आणि अंबाजोगाई. २००१ च्या जनगणनेत अकरा दिसतात, कारण दरम्यान परळी, धारूर, वडवणी आणि शिरूर कासार हे वेगळे झाले. त्यामुळे जुन्या पुस्तकातला 'पाटोदा तालुका' आणि आजचा पाटोदा तालुका यांचे आकडे शेजारीशेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे वाचकाला फसवणे होय. त्याही मागे गेले तर जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. निजामी कागदांत अंबाजोगाई सापडत नाही, तिथे मोमिनाबाद आहे. इंग्रजी कागदांत जिल्ह्याचेच नाव कुठे 'भीर' असे पडते, तर जनगणनेच्या इंग्रजी याद्यांत 'बिड' असे. माजलगावचे त्या याद्यांत 'मांजलेगाव' होते आणि केजचे 'कैज'. जुना दस्तऐवज हातात घेऊन येणाऱ्या अभ्यासकाला कोशाने दारातच परत पाठवू नये, म्हणून अशा प्रत्येक रूपासाठी पुनर्निर्देशनाचे पान करून ठेवावे लागते. मोमिनाबाद टंकणारा अंबाजोगाईच्या लेखावर अलगद उतरला पाहिजे.

हल्लीच्या नामांतरांनी हे काम एकदम वाढवले. बीडला सहा जिल्हे लागून आहेत: छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, लातूर, धाराशिव आणि अहिल्यानगर. या सहांपैकी तिघांची नावे २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत बदलली. बीड जिल्ह्याच्या लेखातले चतुःसीमेचे एक वाक्य जरी घेतले, तरी त्यातली निम्मी नावे दुरुस्त करावी लागली. आणि हे वाक्य अकरा तालुक्यांच्या, नद्यांच्या, रस्त्यांच्या लेखांतही कुठे ना कुठे येतेच. इथे यंत्राने सरसकट 'शोधा आणि बदला' करणे धोक्याचे आहे. औरंगाबाद नावाचा एक जिल्हा बिहारातही आहे, त्याचे नाव बदललेले नाही. शिवाय १९४८ सालच्या घटनेत 'धाराशिव जिल्हा' लिहिले तर त्या काळचे कागद शोधणाऱ्याला ते लागू पडणार नाही. माझ्या मते यातली रास्त रीत अशी: लेखाचे शीर्षक आजच्या नावाने, जुने नाव पुनर्निर्देशनात आणि लेखाच्या पहिल्या परिच्छेदात, आणि इतिहासाच्या मजकुरात त्या त्या काळचे नाव, सोबत आजच्या नावाचा उल्लेख.

राक्षसभुवनचे उदाहरण घ्या. गेवराई तालुक्यात गोदावरीकाठी असलेले हे गाव. १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा इथे पराभव केला. गावाचा लेख वेगळा आणि लढाईचा वेगळा हवा. गावाच्या लेखात शनीचे देवस्थान, गोदावरीचा काठ, आजची वस्ती यावी आणि तो तालुक्याच्या वर्गात जावा. लढाईचा लेख मराठ्यांच्या लढायांत आणि १७६३ च्या घटनांत जावा. दोन्ही एकत्र केले तर इतिहासाच्या मजकुराखाली आजचे गाव दडपून जाते, आणि मराठवाड्यातल्या अनेक ऐतिहासिक गावांच्या लेखांचे हेच झाले आहे. तीनशे वर्षांपूर्वीची छावणी कळते, आज गावात दवाखाना आहे की नाही ते कळत नाही.

एकाच नावाची गावे हा महाराष्ट्राच्या भूगोलातला रोजचा प्रकार. आष्टी बीड जिल्ह्यात तालुक्याचे ठिकाण आहे, वर्धा जिल्ह्यातही आहे, शिवाय जालना आणि गडचिरोली जिल्ह्यांत आष्टी नावाची गावे आहेत. शिरूर पुणे जिल्ह्यात, शिरूर कासार बीडमध्ये, शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद लातूरमध्ये. विकिपीडियावर अशा वेळी 'निःसंदिग्धीकरण' नावाचे पान करतात आणि त्यावर सगळ्या आष्ट्यांची एकेका ओळीत ओळख देतात. लोकांनी ही सोय फार आधी केली होती. त्यांनी शिरूरला कासार जोडले, राजुरीला नवगण जोडले, बाकीच्यांना बुद्रुक-खुर्द लावले. कोशाने लोकांची ही जोडनावे आधी वापरावीत आणि कंसातले जिल्ह्याचे नाव ती नसतील तिथेच घालावे. मतदारसंघांचेही असेच. जिल्ह्यात तालुके अकरा असले तरी विधानसभेचे मतदारसंघ सहाच आहेत: गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज आणि परळी. पाटोद्याचा मतदार आष्टी मतदारसंघात मत देतो, धारूरचा माजलगावात. त्यामुळे 'आष्टी' या शब्दावरचा दुवा तालुक्याकडे जातो की मतदारसंघाकडे, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते.

शिडीचा दुसरा दोष मला अधिक गंभीर वाटतो. जनगणनेच्या यादीतून कोश उभा केला, की यादीत जे नाही ते कोशातही नसते. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या उतारांवर बंजारा समाजाचे तांडे आहेत, शिवाय जागोजाग वाड्या आणि वस्त्या आहेत. काही तांड्यांना पुढे स्वतंत्र ग्रामपंचायत मिळाली, पण पुष्कळ तांडे आजही कागदोपत्री शेजारच्या महसुली गावातच मोडतात. त्यांना जनगणनेचा स्वतंत्र क्रमांक नाही, म्हणून कोशात लेख नाही. उलट महसूल खात्याच्या भाषेत ज्याला बेचिराग गाव म्हणतात, म्हणजे ज्याचे शिवार आहे पण जिथे एकही घर नांदत नाही, त्याला क्रमांक असतो. यादीवरून लेख तयार करणारा त्या उजाड गावाचा लेख बनवतो, त्यात 'लोकजीवन' असे शीर्षकही घालतो, आणि शेजारी शेकडो माणसे राहतात त्या तांड्याचे नावही कुठे येत नाही. लोकांनी लोकांसाठी लिहिलेल्या कोशात असे होऊ नये. तांड्यासाठी आधार शोधता येतात: भारतीय सर्वेक्षण खात्याच्या नकाशांवर तांडे दाखवलेले असतात, जिल्हा परिषदेच्या शाळांच्या याद्यांत तांड्यांची नावे असतात, मतदार याद्यांतही असतात. स्वतंत्र लेखाइतका मजकूर नसेल तर मूळ गावाच्या लेखात 'वाड्या व तांडे' असा परिच्छेद करावा आणि तांड्याच्या नावाने पुनर्निर्देशन द्यावे. एवढे केले तरी शोधणाऱ्याला आपले ठिकाण सापडते.

आता डोंगर आणि पाण्याकडे येऊ. बीडचा खरा नकाशा इथेच उलगडतो. जिल्ह्यातून बालाघाटाची रांग जाते. तिच्या उत्तरेचा गोदावरीकडचा सखल, काळ्या जमिनीचा पट्टा लोक गंगथडी म्हणून ओळखतात, आणि वरचा मुरमाड, हलक्या जमिनीचा भाग म्हणजे बालाघाट. पीकपाणी, विहिरींची खोली, स्थलांतर, सगळे या विभागणीने ठरते. पण ही विभागणी कोणत्याही तालुक्याच्या हद्दीशी जुळत नाही, म्हणून प्रशासकीय वर्गांतून ती दिसतच नाही.

नद्यांनी तर जिल्ह्याचे दोन भाग पाडले आहेत. गोदावरी ही उत्तरेची सीमा. सिंदफणा पाटोद्याच्या डोंगरात उगम पावते, बीड शहरातून येणारी बिंदुसरा तिला मिळते, आणि माजलगाव तालुक्यात मंजरथला ती गोदावरीत जाते. पण आष्टी तालुक्याच्या पश्चिम कडेचे पाणी सीना नदीला जाते, सीना भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. म्हणजे एकाच जिल्ह्यात गोदावरी आणि कृष्णा अशी दोन खोरी आहेत. ही गोष्ट वाचकाला जिल्ह्याच्या लेखात एका वाक्यात सांगता येईल, पण खोऱ्यानुसार वर्ग असतील तर तो ती स्वतः पाहू शकेल: 'सीना खोऱ्यातील गावे' उघडले की आष्टीची गावे अहिल्यानगर आणि सोलापूरच्या गावांबरोबर एका पानावर येतील.

मांजरा नदी याचा सगळ्यात चांगला दाखला. ती पाटोदा तालुक्यात बालाघाटावर उगम पावते, बीड आणि धाराशिवच्या कडेने जाऊन लातूर जिल्ह्यात शिरते, पुढे कर्नाटकात बीदर जिल्ह्यातून तेलंगणात जाते आणि सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करून गोदावरीला मिळते. तेलंगणातले सिंगूर आणि निजामसागर हे जलाशय तिच्यावरच आहेत. तिच्या लेखाला फक्त 'बीड जिल्ह्यातील नद्या' हा वर्ग लावला तर नदी उगमाशीच थांबते. आणि तिच्यावरचे धनेगावचे धरण पाहा. मांजरा प्रकल्प म्हणून ओळखले जाणारे हे धरण केज तालुक्यात, म्हणजे बीड जिल्ह्यात आहे, पण लातूर शहर पिण्याच्या पाण्यासाठी त्याच्यावर अवलंबून आहे. ते कोरडे पडले तेव्हा १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. दहा टाक्यांच्या त्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. जो वाचक 'लातूरची पाणीटंचाई' वाचतो आहे त्याला धनेगाव सापडलेच पाहिजे, आणि जो 'बीड जिल्ह्यातील धरणे' पाहतो आहे त्यालाही. या धरणाच्या लेखाला मी चार वर्ग लावीन: जिल्ह्यातली धरणे, मांजरा नदी, लातूर शहराचा पाणीपुरवठा आणि महाराष्ट्रातील दुष्काळ.

माणसांच्या हालचालीचा भूगोल याहून अवघड आहे. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयत्यावर निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशेब असतो. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखाने बंद होईपर्यंत ती फडातच राहतात. कोशात ही माहिती साधारणपणे 'अर्थव्यवस्था' या शीर्षकाखाली एका ओळीत उरकलेली असते. पण तिचा परिणाम कोशातल्या सगळ्यात ठळक आकड्यावर होतो. २०११ च्या जनगणनेची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, म्हणजे ऐन गळीत हंगामात. मोजणीच्या नियमाप्रमाणे जो माणूस या सबंध काळात घरी नव्हता, त्याची नोंद तो जिथे असेल तिथे व्हायची. म्हणजे बालाघाटावरच्या गावाच्या माहितीचौकटीत जो आकडा आपण वाचतो, तो गाव अर्धे रिकामे असण्याच्या मोसमातला आहे. चौकटीत आकडा द्यावाच, पण अशा गावांच्या लेखात ही तळटीप असायला हवी. २०२१ ची जनगणना झाली नाही आणि पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला आहे. तोही हंगामातच येतो.

आकडे कुठे साठवायचे, हाही मांडणीचाच भाग आहे. एकच लोकसंख्या गावाच्या लेखात, तालुक्याच्या यादीत आणि जिल्ह्याच्या सारणीत तीनदा हाताने लिहिली, की तीन ठिकाणी तीन वेगळे आकडे होणार हे ठरलेले. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालेल्या विकिडेटा या प्रकल्पात आकडा, त्याचे वर्ष आणि आधार एकदाच नोंदवता येतो आणि तिथून तो अनेक भाषांच्या माहितीचौकटींत उतरवता येतो. अक्षांश-रेखांशही तिथेच ठेवावेत. लेख लिहिणाऱ्याने आपला वेळ मग आकड्यांऐवजी मजकुराला द्यावा.

कारण मजकुरातच आपण कमी पडतो. मराठी विकिपीडियावर गावाचा लेख उघडला की अनेकदा भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे अशी शीर्षके ओळीने दिसतात आणि त्यांच्याखाली काही नसते, किंवा प्रत्येक गावाला चालेल असे एकच वाक्य असते. वर्ग कितीही नेटके लावले तरी असा लेख कुणाच्या उपयोगाचा नाही. जे माहीत नाही त्याचे रिकामे शीर्षक ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा तीनच वाक्ये असावीत, पण ती त्याच गावाची असावीत.

तुमचे गाव बीड जिल्ह्यातले असेल, तर त्याचा लेख एकदा उघडून पाहा. गावचा ओढा कोणत्या नदीला मिळतो ते लिहा. गाव गंगथडीचे की बालाघाटावरचे, ते लिहा. शिवारात कोणत्या वाड्या आणि तांडे आहेत त्यांची नावे घाला, आणि त्यासाठी शाळेचा, ग्रामपंचायतीचा किंवा नकाशाचा आधार द्या. गाव धरणात जाऊन पुन्हा वसले असेल तर जुन्या जागेचे नाव नोंदवा. आणि शेवटी तळाशी दोन वर्ग लावा, एक तालुक्याचा आणि एक नदीचा.